क्लचशेजारची फळी

माझी वहिनी बस चालवते आणि त्याच बसमध्ये मी तिकिटं देते. नणंद-भावजय एकाच गाडीत म्हटल्यावर लोकांना वाटतं, रोज काय तमाशा होत असेल! होतो की. सकाळच्या पहिल्या फेरीला आम्ही भांडतो, दुसऱ्या फेरीत अबोला धरतो आणि जेवणाच्या सुट्टीत एकमेकींचा डबा संपवतो. ते आमचं आम्ही बघून घेतो, त्यात कुणी नाक खुपसायचं कारण नाही.

डेपोत तिला 'लोणी' म्हणतात. ती बस सोडते तेव्हा हिसका नाही, थांबवते तेव्हा धक्का नाही, गिअर कधी बदलला ते कळतही नाही. उभी असलेली म्हातारी माणसं आमच्या गाडीत खांबाला धरायचं विसरतात. वर्कशॉपचे फोरमनकाका तर नव्या ड्रायव्हरला आधी वहिनीच्या बसमधून काढलेली क्लचप्लेट दाखवतात. "बघ, एवढी धावली तरी कशी आहे! आणि तुझी? जळून कोळसा. क्लचवर पाय ठेवून झोपतोस काय रे?"

वहिनी हे ऐकून न ऐकल्यासारखं करते, पण तिची मान जरा ताठ होते. कारण हे तिला तिच्या वडिलांनी शिकवलेलं. ते ट्रक चालवायचे आणि एवढीशी होती तेव्हापासून पोरीला शेजारी बसवून न्यायचे. पुढे त्याच ट्रकवर तिला चालवायला शिकवलं. क्लच दाबायचा, सोडायचा आणि पाय लगेच उचलायचा. जरा रेंगाळला की पान्याने नडगीवर टकटक. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, पण क्लच म्हटलं की वहिनीला अजून ते शेजारी बसलेलेच असतात.

तर अशा या बाईचा डावा पाय बिघडला.

आधी तिने लपवलं. घोट्याच्या पुढच्या बाजूला सूज यायची, म्हणून ती बुटाची नाडी सैल सोडायची. मी विचारलं की म्हणायची, "मोजा घट्ट आहे." मग चालताना आवाज यायला लागला. उजवं पाऊल नीट पडायचं आणि डावं थपकन् आपटायचं, जणू ते तिचं नव्हेच. घरात सगळ्यांना आपापलं औषध माहीत होतं. कुणी म्हणालं शेक दे, कुणी म्हणालं बर्फ लाव, शेजारणीने कसलंसं मलम आणून दिलं, त्याच्या वासाने मीच घराबाहेर पडले. नेहमीच्या डॉक्टरांनी पायाकडे पाहिलंही नाही. वहिनीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "वजन कमी करा." त्यांचं स्वतःचं पोट टेबलाला टेकलेलं! मी बोलणार होते, वहिनीने माझा दंड धरला.

आणि मग ते झालं. चढावर, भर गर्दीत, तिचा पाय वेळेवर उठलाच नाही. गिअर असा खरकन् वाजला की पुढच्या सीटवरचं बाळ दचकून रडायला लागलं. मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, लोणी आज करपलं वाटतं!" अख्खी बस हसली. मी त्याला पुढच्या स्टॉपपर्यंत काय काय सुनावलं ते इथे सांगत नाही. वहिनीने मात्र नजर रस्त्यावरून हलवली नाही. डेपोत गाडी लावली आणि खुर्चीतून उतरायला तिने पहिल्यांदाच माझा हात मागितला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी तिला चौकशीच्या खिडकीत बसवलं. "पाय बरा होईपर्यंत," म्हणाले. मग चहाचा घोट घेऊन पुढे म्हणाले, "बरा झाला तर मास्तर तुमची चाचणी घेतील. पास झालात तर गाडी. नाही तर खिडकी कायमची. आणि खरं सांगू का, बाईमाणसाला खिडकीच बरी." एवढं गोड हसून बोलले की माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मास्तर म्हणजे आमच्या डेपोचे ट्रेनिंगवाले. निम्म्या ड्रायव्हरांना त्यांनीच शिकवलंय. ते बाकी काहीही माफ करतील, पण क्लचवर पाय टेकलेला दिसला की तिथल्या तिथे नापास.

घरी दादाला, म्हणजे माझ्या भावाला, आनंदच झाला. "अगं, बसून नोकरी मिळतेय. लोक तरसतात यासाठी."

"मी बसूनच करत होते नोकरी," वहिनी म्हणाली. "स्टिअरिंगच्या मागे बसून. अहो, तुम्हाला मी त्या खिडकीत हवी असेन तर तसं सांगा, पायाचं निमित्त नको."

दादाने पेपर तोंडासमोर धरला. वाईट नाही तो, फक्त घाबरट आहे.

पायाची डॉक्टर मी शोधून काढली. गाडीतल्या एका नर्सबाईने सांगितलं, मोठ्या हॉस्पिटलात फक्त पावलं आणि घोटे बघणारी एक डॉक्टर बसते. दादा म्हणाला, "उद्या कोपराचाही वेगळा डॉक्टर निघेल!" मी म्हटलं, "निघाला तर तुला आधी नेते." लांबलचक बोळात, जुन्या खाटांच्या ढिगापलीकडे तिची खोली होती. आत एक उंच खुर्ची, एक बुटकं स्टूल, भिंतीला पावलाच्या हाडांचं चित्र आणि स्पिरिटचा वास. डॉक्टर वहिनीपेक्षा खूप लहान. तिने हातमोजे चढवले, स्टुलावर बसली आणि वहिनीचं पाऊल सरळ आपल्या मांडीवर घेतलं. वहिनीने अंग चोरलं. कुणी आपलं पाऊल असं मांडीवर घेतं, याची सवय कुठे असते आपल्याला?

तिने बोटाने घोट्यापुढची शीर चाचपत चाचपत तळव्याच्या आतल्या कडेपर्यंत आणली. एका जागी वहिनी "आई गं!" म्हणून ओरडली. मग डॉक्टरने काढून ठेवलेला डावा बूट उचलला. मला वाटलं, सोल बघेल. तिने आत हात घातला आणि वरच्या बाजूचं अस्तर चाचपलं. अंगठ्याच्या बरोबर वर ते घासून घासून फाटलं होतं. उजव्या बुटाचं अस्तर धडधाकट.

"तुम्ही दिवसभर हे पाऊल वर उचलून धरता का?"

"मी ड्रायव्हर आहे," वहिनी म्हणाली. "सर्कशीत नाही."

"मग चालवून दाखवा."

डॉक्टरने तिच्या हातात एक स्टीलचा ट्रे दिला, स्टिअरिंग म्हणून. मला हसू आवरेना. पण वहिनीने ट्रे धरला आणि एकदम तिचा चेहरा बदलला. खिडकीत बसल्यापासून तिचा तो चेहरा मी पाहिला नव्हता. डावा पाय दाबला, गिअर टाकला, पाय सोडला. डॉक्टर गप्पा मारायला लागली. रूट कुठला, गर्दी कुठे होते, चढ कुठे. वहिनी रंगून सांगत होती. आणि एवढा सगळा वेळ तिचा डावा पाय जमिनीपासून वीतभर वर, हवेत, तसाच लोंबत होता. पंजा वर खेचलेला, घोट्यापुढची शीर ताणून उभी. ते बघून माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

"पाय खाली का नाही टेकवत?" डॉक्टरने हळूच विचारलं.

"खाली भोक आहे ना," वहिनी म्हणाली आणि पुढच्या स्टॉपचं सांगायला लागली.

मीच मधे पडले. "भोक? वहिनी, आपल्या बसला कुठे भोक आहे?"

ती थांबली. ट्रे मांडीवर ठेवला. आपल्याच पायाकडे बघत राहिली. "बसला नाही," म्हणाली. "बाबांच्या ट्रकला."

मग तिने सांगितलं. ट्रकचा पत्रा क्लचशेजारी गंजून उडाला होता. खाली रस्ता पळताना दिसायचा. पाय ठेवायला जागाच नव्हती, म्हणून वडीलही पाय हवेत धरायचे आणि तिलाही तसंच शिकवलं. पत्रा बदलू बदलू म्हणता ट्रकच भंगारात गेला. ती बसवर आली, बसला खाली धडधाकट पत्रा होता, पण पायाला ते कुणी सांगितलंच नाही.

डॉक्टर म्हणाली, ही पाऊल वर उचलणारी शीर आहे, दिवसभर लटकवून लटकवून थकलीय, सुजलीय, अजून तुटलेली नाही. "क्लचवर पाय ठेवायचा नाही हे वडिलांनी बरोबर शिकवलं. पण पाय कुठेच ठेवायचा नाही, हे चुकीचं शिकवलं."

झालं! वहिनी ताडकन् उठली. "माझ्या बापाचं नाव काढायचं नाही! त्यांच्यासारखा क्लच या गावात कुणाला जमत नव्हता, कळलं?" आणि एक बूट पायात, एक हातात, थप थप करत बोळातून निघूनसुद्धा गेली. मी डॉक्टरकडे बघितलं. ती रागावली नव्हती. म्हणाली, "येतील. हाक मारायला जाऊ नका."

पुढचे काही दिवस वहिनी खिडकीत बसली आणि माझ्याशी बोलली नाही. तिच्या जागी आलेला ड्रायव्हर अशी बस चालवायचा की माझी सुटी नाणी सीटखाली गडगडायची. एक आजोबा रोज विचारायचे, "त्या बाई गेल्या का हो?" मी म्हणायचे, "गेल्या नाहीत, बसवल्यात!" मला कुणाचा राग येत होता ते मलाच कळत नव्हतं. साहेबांचा येत होता, त्या ड्रायव्हरचा येत होता आणि सगळ्यात जास्त वहिनीचा.

एका दुपारी डेपोचा मोठा हॉल रिकामा होता. वहिनी पाणी प्यायला उठली आणि मी तिकिटांची पेटी पुसत बाकावर बसले होते. त्या रिकाम्या हॉलमध्ये तिच्या पावलांचा आवाज घुमला. एक साधा, एक थप. एक साधा, एक थप. ती अर्ध्यात थांबली. मागे वळून दाराकडे बघितलं. मला वाटलं, कुणाची वाट बघतेय.

"मला वाटलं बाबा आले," ती म्हणाली.

मी फडकं खाली ठेवलं.

"शेवटी शेवटी ते असेच चालायचे. घरात कुठेही असले तरी आवाजावरून कळायचं. आम्ही सगळे म्हणायचो, वय झालं. तेही म्हणायचे, वय झालं." ती बाकावर माझ्या शेजारी बसली आणि तिचे डोळे भरून आले. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. "वय नव्हतं गं ते. त्या भोकाने खाल्ला माझ्या बापाचा पाय. आणि त्याला कुणी सांगितलंच नाही." मग तिने पदराने नाक पुसलं आणि तिचा आवाज एकदम फिरला. "मला सांगितलंय ना? मग माझा नाही खाऊ देणार. चल, उठ. त्या पोरीकडे जायचंय."

डॉक्टरने तिला बघून फक्त स्टूल पुढे ओढलं. आधी पोटरीपर्यंतचा एक जाडजूड बूट दिला, शिरेला आराम म्हणून. तो घालून खिडकीत बसली की लोक विचारायचे, पाय मोडला का? ती म्हणायची, "नाही, जोडतेय." मग तो निघाला आणि व्यायाम आले. टाच उचल, पोटरी ताण, पायाच्या बोटांनी मोजा उचल. बुटात बसवायला तळव्याच्या मापाची गादी करून दिली. एक लवचीक पट्टा दिला, तो ती खिडकीखाली टेबलाच्या पायाला बांधायची. वर लोकांना गाड्यांच्या वेळा सांगायची आणि खाली पावलाने पट्टा ओढायची. कुणी तिला "बाई, जरा हसा की" म्हणालं तर म्हणायची, "हात रिकामे दिसतात म्हणून पाय रिकामे नाहीत. बोला, कुठे जायचंय?"

सगळं एवढं सरळ झालं नाही. एकदा तिने चार दिवसांचे व्यायाम एका दिवसात केले, सूज परत आली आणि डॉक्टरने असं झापलं की मला माझीच आठवण झाली. वहिनी खाली मान घालून ऐकत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "पोरगी चांगली आहे. तोंड मात्र तुझ्यावर गेलंय."

पण खरा त्रास शिरेचा नव्हता, सवयीचा होता. शीर बरी होत होती, आणि पाय मात्र खुर्चीत बसलं की आपला वर! मग मी घरी उपाय काढला. ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसायची, ताटाचं स्टिअरिंग करायची आणि मी समोर पेला-चमचा घेऊन बसायचे. पाय तरंगला की टण! "खाली!" दादा वैतागला. "घर आहे की देऊळ?" म्हणाला. पण काही दिवसांनी तोच भाजी निवडता निवडता मान वर न करता म्हणायला लागला, "अगं, पाय." तेव्हा मला कळलं, भाऊ आपल्या बाजूला आला.

एक अडचण उरली. बसची खुर्ची उंच, वहिनी बुटकी, आणि क्लचशेजारची जागा खोलगट. पाय खाली सोडला तरी नीट टेकत नव्हता. फोरमनकाकांनी येऊन माप घेतलं, जुन्या सीटचं लाकूड तासून एक उतरती फळी केली, वर रबर ठोकलं आणि बोल्टने पक्की बसवली. "साहेबांना विचारलंत?" मी म्हटलं. काका म्हणाले, "क्लचप्लेट बदलताना कधी विचारलं होतं का?"

चाचणीच्या सकाळी बस रिकामी होती. मास्तर ड्रायव्हरशेजारी इंजिनच्या झाकणावर बसले, साहेब पहिल्या सीटवर, आणि घंटा द्यायला कंडक्टर हवाच म्हणून मी. वहिनीने आरसा बघितला, केस मागे सारले आणि मानेनेच मला खूण केली. मी दोनदा घंटा दिली. बस निघाली आणि मला कळलंच नाही कधी निघाली. लोणी!

चढ आला. मास्तरांनी मुद्दाम मधोमध थांबवायला लावलं. वहिनीने तसूभरही मागे न घसरता गाडी उचलली. साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. पण चढ संपला आणि तिचा डावा पाय पेडलवरून सुटून हवेतच थांबला. माझा हात घंटेच्या दोरीवर गेला. घरी असते तर टण केलं असतं. इथे एक घंटा म्हणजे गाडी थांबव! मी दोरी धरून नुसती दात आवळून उभी राहिले. ठेव गं बाई, ठेव. आणि तो पाय, कुणी न सांगता, हळूच खाली आला आणि फळीवर टेकला. मला तर गाणंच म्हणावंसं वाटलं.

"पाय!" मास्तर गरजले. "क्लचवर पाय! तुम्हीसुद्धा, बाई? थांबवा गाडी. नापास."

वहिनीने गाडी कडेला घेतली, धक्का न देता. हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. "वाकून बघा, मास्तर."

मास्तर वाकेनात, त्यांचे गुडघे कुरकुरतात. साहेब वाकले. बराच वेळ बघून लालबुंद होऊन वर आले. "क्लचवर नाहीये. फळीवर आहे. ही फळी कुणाच्या परवानगीने बसवली?"

"माझ्या पायाच्या," वहिनी म्हणाली.

"असं चालत नाही! उद्या सगळे फळ्या मागतील. काढून टाका ती, मग बघू."

"फळी निघणार नाही," वहिनी म्हणाली. आवाज चढवला नाही, पण मला ऐकूनच धीर आला. "माझ्या बापाच्या गाडीला इथे भोक होतं. त्यात त्यांचा पाय गेला. माझा जाता जाता राहिला. तुम्हाला माझ्या चालवण्यात खोट दिसली असेल तर नापास करा, मी खिडकीत बसते. पण पाय टेकवला म्हणून नापास होणार नाही मी. आधी इथे बसून बघा आणि मग बोला."

ती खरंच उतरली. साहेबांना गाडी येत नाही, ते जागचे हलले नाहीत. मास्तरांना मात्र आव्हान सहन होत नाही. "बघतोच," म्हणत ते चढले. ते वहिनीइतकेच बुटके. स्टिअरिंग धरलं, सवयीने क्लच दाबला, सोडला, आणि त्यांचा डावा पाय वर, हवेत, वीतभर, लोंबत राहिला. आम्ही तिघं बघत होतो. त्यांनी आमच्या नजरा पाहिल्या, मग खाली आपल्या पायाकडे पाहिलं. किती वर्षं तो असाच होता कोण जाणे. हळूच त्यांनी तो फळीवर ठेवला.

पाठ मागे टेकली. डोळे मिटले. गाड्या शेजारून जात होत्या, साहेब घड्याळ बघत होते आणि मास्तर काही उठेनात.

"मास्तर?" साहेब म्हणाले. "काय लिहायचं?"

"पास लिहा," मास्तर डोळे न उघडता म्हणाले. "आणि फोरमनला सांगा, मला भेट म्हणावं."

वहिनी दाराशी उभी होती, दोन्ही पायांवर, सरळ. तिने दारावर टकटक केली.

"उठा मास्तर," म्हणाली. "माझी जागा आहे ती."

ते उठले. ती बसली. मी दोनदा घंटा दिली.